इंग्रजीतली दर्यादौलत

धाकटी डहाणू
२८ ऑगस्ट २०१८

प्राध्यापक भाविनीबाई यांस,

नारळी पौर्णिमा झाली. नारूच्या नावाचा नारळ मीच समुद्रात सोडला. तू विचारणार नाहीस म्हणून सांगून टाकते.

तुमच्या इंग्रजी विभागाचं बातमीपत्र परवा पोस्टानं आलं, सोबत या वेळी जाडजूड वार्षिक अंकही होता. हे सगळं तू पाठवतेस, की तुमच्या ऑफिसातली कुणी बाई कायमच्या पत्त्यावर आपोआप पाठवते, हे मला अजून कळलेलं नाही. पाकिटावरचा पत्ता टाईप केलेला असतो. तू पाठवत असशील तर आत हातानं लिहिलेल्या दोन ओळी का नसतात? आणि तू पाठवत नसशील, तर माझी मुलगी धडधाकट आहे हे मला म्हैसूरच्या विद्यापीठानं कळवायचं, अशी वेळ आली म्हणायची.

फोनवर मी बोलणार नाही. पलीकडच्यांनी नारूची बोट धरून नेली तेव्हापासून साध्या कपड्यातली माणसं दोनदा चौकशीला येऊन गेली आहेत. आता मी फोनवर खोकतेसुद्धा जपून. तेव्हा तू आलीस, चार दिवस राहिलीस आणि कॉलेज उघडलं म्हणून निघून गेलीस. भाऊ पाकिस्तानच्या तुरुंगात आणि बहीण वर्गात. मी तेव्हा चारचौघांत जे बोलले ते बोलले, त्याला आता दोन वर्षं होत आली.

बातमीपत्र नेहमीप्रमाणे जिग्नेशनं वाचून दाखवलं. तोच, समोरच्या चिकूच्या वखारीतला. बी.कॉम. होऊन चिकूची खोकी भरतोय. बोंबलाच्या वासामुळे तो दारातच बसतो, पाय बाहेर ठेवून. तर तुमच्या बातम्या अशा. दर शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही सगळे जमून एकमेकांना कविता वाचून दाखवता. मागच्या शुक्रवारी एका कवितेवरून दोन सरांचं वाजलं आणि समोसे तसेच राहिले. विभागाच्या मांजरीला पिल्लं झाली, हेही छापलं आहे. एक बाई परदेशात जाऊन निबंध वाचून आल्या. मी जिग्नेशला विचारलं, हे काम चाललंय की सुट्टी? तो म्हणाला, "मासी, ए लोकोनुं ए ज काम छे."

तुझा फोटो पाहिला. केस कधी कापलेस? आणि तुझ्या खुर्चीच्या पाठीवर तो हात कुणाचा आहे? फोटो नेमका मनगटापाशी संपला आहे. छापणाऱ्यानं मुद्दाम कापला असेल तर त्यालाही कळायला हवं की आईला मनगटावरूनही बरंच कळतं.

आता मुद्द्याचं. वार्षिक अंकात तुझी गोष्ट पहिली आली आहे. जिग्नेशनं सुरुवात वाचली. समुद्रकाठचं गाव, बोंबील वाळत घालणारी बाई, तिचा मुलगा एका गुजराती शेठच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य. इथवर ठीक. मग त्यानं दोन पानं एकदम उलटली. मी म्हटलं, "काय रे, मधलं कुठं गेलं?" म्हणाला, चिकटली होती. कागद नवा करकरीत, त्याला चिकटायला काय गूळ लावला होता?

तो गेल्यावर मी अंक उजेडात धरला. मला इंग्रजी येत नाही हे खरं, पण दर्यादौलत ही अक्षरं मी इंग्रजीत डोळे मिटून काढते. मत्स्य खात्याला, कलेक्टरला, दिल्लीला जेवढे अर्ज केले त्या सगळ्यांत बोटीचं नाव इंग्रजीत लिहावं लागतं. तुझ्या गोष्टीत ते जागोजाग आहे. आणि जिग्नेशनं उलटलेल्या त्या पानांवर सगळ्यात जास्त.

माणसांची नावं बदललीस. मग बोटीचं का ठेवलंस? त्या पानांवर काय लिहिलं आहेस ते मला मराठीत कळव.

तुझी आई


धाकटी डहाणू
१६ सप्टेंबर २०१८

भाविनी,

तुझं उत्तर नाही. मला वाटलंच होतं.

मी अंक निलमकडे नेला. तुझ्या वर्गातली निलम, आता इथल्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं अंक बॅगेत घातला आणि परत द्यायचं नाव नाही. मी तिच्या घरी जाऊन बसले तेव्हा म्हणाली, "काकी, फार सुंदर गोष्ट आहे. आई मुलाची वाट बघते, शेवटी नुसता समुद्र आहे." परत येताना जिग्नेशला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला काय वाटली रे गोष्ट? तो म्हणतो, "भूतनी वार्ता छे, मासी. बोटीत भूत येते." एकाच गोष्टीत एकीला आई दिसते आणि दुसऱ्याला भूत. दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं मला आधी वाटलं. आता वाटतं, दोघंही.

निलमला मी सोडलं नाही. पोलिसांनी विचारलं नसेल असं खोदून विचारलं. तेव्हा तिनं एवढं सांगितलं की गोष्टीतला तांडेल जीपीएसच्या मशीनवर समुद्रातली हद्द बघतो. हद्द जवळ आली हे त्याला दिसतं. पण पलीकडे मासळी आहे म्हणून तो बोट पुढे नेतो. "पण ते कलेसाठी आहे काकी," असं वर म्हणाली.

तुझ्या कलेला काय म्हणू मी? आजवरच्या प्रत्येक अर्जात मी लिहिलं आहे की मशीन बिघडलं होतं, वारा उलटा होता, पोरांना हद्द कळली नाही. आणि तू छापून सांगतेस की त्याला कळली होती! इथं मी ज्याला निर्दोष म्हणते त्याची सख्खी बहीण तिथं बसून त्याच्याविरुद्ध जबानी देते.

तुमच्या बातमीपत्राच्या मागच्या पानावर आणखी एक बातमी आहे, ती जिग्नेशनं मला वाचून दाखवलीच नव्हती, निलमनं सांगितली. तुमचा विभाग आणि शेजारच्या देशांमधली इंग्रजीची माणसं मिळून एक अंक काढणार आहेत. त्यात तुझी ही गोष्ट जाणार आहे. लाहोरचेही लोक त्यात आहेत. म्हणजे ती तिथं वाचली जाणार. तिथले साहेब मराठी वाचत नसतील, इंग्रजी तर वाचतात ना? उद्या सुटणाऱ्यांची यादी करताना कुणी ती गोष्ट पुढे टाकली तर? बोटीचं नाव तूच तर लिहून दिलं आहेस.

शुक्रवारच्या त्या बैठकीत एकालाही हे सुचलं नाही का? सगळे समोसे खाऊन वा वा म्हणाले आणि घरी गेले?

ती गोष्ट काढून घे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे मागते.

आई


धाकटी डहाणू
२१ ऑक्टोबर २०१८

भाविनी,

तुझं कार्ड मिळालं. "आई, ती कथा आहे, खरी नाही. त्या अंकातून काढून घेतली आहे. काळजी करू नकोस." दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं आणि त्यात एवढंच.

काढून घेतलीस ते बरं केलंस. पण मला सांग, खरी नव्हती तर इतक्या मुकाट्यानं काढून कशी घेतलीस? तू दहावीत असताना मी तुझी एक वही रद्दीत दिली तर आठवडाभर जेवली नव्हतीस. माझ्या एका पत्रावर तू पहिली आलेली गोष्ट परत घेशील, हे मला पटत नाही. काहीतरी आहे.

म्हणून मी निलमला आणि जिग्नेशला एकदम घरी बोलावलं. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. निलमसाठी घोळ माशाचं कालवण केलं, जिग्नेशला दारात चहा दिला. बाजारात दोन गिऱ्हाइकं एकाच पाटीपाशी बसवली की भाव एकच सांगावा लागतो. मी अंक मध्ये ठेवला आणि जिग्नेशला म्हटलं, एक परिच्छेद तू वाचायचा, एक तिनं, आणि लगेच मराठीत सांगायचा. एकाचं चुकलं तर दुसऱ्यानं धरायचं.

बोटीचं, हद्दीचं, पकडल्याचं सगळं वाचून झालं. मग ती पानं आली. पाळी जिग्नेशची होती. निलम पाणी प्यायला उठली ती परत येईना. मी म्हटलं, "वाच."

तो म्हणाला, "मासी, जवा दो ना. राहू द्या."

"वाच म्हणते ना!"

तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "एमां नारू मरी जाय छे. जेलमां. तापानं. आणि इथं कोणाला खबर नाय. मासी बोंबील वाळवत राहते." मग तो रडायला लागला. एवढा दाढी आलेला मुलगा.

शेवटचं पान निलमनं वाचलं, मीच वाचायला लावलं. मुलगा गेला आहे हे आईला ठाऊक नाही आणि ती वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटे करते आहे. ते काम मात्र बरोबर लिहिलं आहेस. हातसुद्धा माझेच लिहिले आहेस, त्या दोन वाकड्या बोटांसकट.

म्हणजे ती दोघं मला फसवत नव्हती, जपत होती. आणि मी हद्दीची काळजी करत बसले होते! आता हद्द गेली खड्ड्यात.

मला आधी राग आला नाही, भीती वाटली. नारूचं शेवटचं पत्र मार्चमध्ये आलं. त्यानंतर नाही. तिथून पत्र यायला महिनोन्महिने लागतात, म्हणून मी मनाला लावून घेतलं नव्हतं. आता रोज पोस्टमनची सायकल वळेपर्यंत दारात उभी असते आणि ती वळली की मोकळा श्वास घेते, कारण आज तरी तसली बातमी आली नाही.

तुला हे सुचलं की कळलं? मला कथा आणि कला सांगू नकोस. तुझा भाऊ मेला असं तू लिहितेस तेव्हा तुला काहीतरी माहीत असणार. जे माहीत आहे ते सगळं लिही. मी रडेन, पण मरणार नाही.

आई


धाकटी डहाणू
९ डिसेंबर २०१८

भाविनी,

तुझं मोठं पत्र मिळालं. स्वतःच वाचलं, मोठ्यानं नाही. बरोबर समजले का ते बघ.

जूनमध्ये तुला एका माणसाचा फोन आला. गुजरातेतल्या ऊनाकडचा खलाशी, नुकताच पलीकडून सुटलेला. नारूनं त्याला तुझा नंबर दिला होता, माझा नाही, कारण आई फोनवर धड बोलत नाही. तो म्हणाला, "दर्यादौलतवाळो एक गयो." तू नाव विचारलंस आणि फोन तुटला. मग तो नंबर कधी लागलाच नाही. तू दिल्लीला लिहिलंस, वकिलातीला लिहिलंस, कुणी काही सांगितलं नाही. मला सांगावं तर काय सांगावं, हे तुला कळेना. आणि तू ती गोष्ट लिहिलीस.

पुढचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "कोण गेलं ते माहीत नव्हतं, आई. दुसऱ्या कुणाच्या घरात ते मरण लिहायला हात होईना, म्हणून आपल्याच घरात लिहिलं."

बाई गं, आपलं घर म्हणजे काय रिकामी खोली आहे, कुणाचंही सामान आणून ठेवायला? तुझा हात झाला तरी कसा? मला ते वाचून इतका संताप आला की तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात घालून वर पाट ठेवला. नंतर भात करायचा म्हणून पुन्हा काढलं.

तुला वाटलं असेल, सांगितलंस म्हणजे सुटलीस. आता माझं ऐक.

दर महिन्याला रूपी येते. तू तिला पाहिलेलं नाहीस. तलासरीकडच्या पाड्यावरची, दर्यादौलतवरच्या चैत्याची बायको. चैत्याला समुद्र ठाऊक नव्हता. भातकापणी झाली की हाताला काम नाही, म्हणून नारूच त्याला बोटीवर खलाशी म्हणून घेऊन गेला. रूपीला लिहिता येत नाही. ती एसटीनं येते, माझ्यापाशी बसते, सांगते आणि मी चैत्याला पत्र लिहिते. दोन वर्षं हे चाललं आहे. नारूच्या आणि चैत्याच्या पत्राचं पाकीटही आम्ही एकच करतो.

परवा ती आली. मी कागद घेतला. ती सांगत होती, "लिही, बकरी व्याली. लिही, पोरगा आता शाळंत जातं. लिही, औंदा महालक्ष्मीचे यात्रंला आपण दोघा जाव, मी नवस बोललेय." मी लिहीत होते. हे पत्र ज्याला लिहितेय तो आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही हेही मी तिला सांगू शकत नाही, आणि अक्षर नीट काढायचं!

रूपी काही भोळी नाही. पत्र संपताना म्हणाली, "हंसाबाय, तू माना तोंडाकडं का नाय बघंस?"

मी म्हटलं, डोळ्यांत धूर गेला.

"चूल तं विझलेली हाय," ती म्हणाली. "तुला काय कळलाय का? कळला असल तं माना सांग."

"काही कळलं नाही गं."

ती गेली, पण वळणापर्यंत मागे बघत गेली. जिग्नेशनं पानं उलटली तेव्हा मी त्याच्याकडे जशी बघत होते, तशीच ती माझ्याकडे बघत होती. मला त्या मुलापुढे आता लाज वाटते, त्याला मी काय काय बोलले.

काल देवळात गेले. हात जोडले आणि काय मागावं ते कळेना. गेलेला तो नारू नसू दे असं म्हटलं की लगेच डोळ्यांसमोर रूपी येते. तिचा नसू दे म्हटलं की माझी जीभ अडते. बोटीवर आणखीही माणसं होती, ऊनाची, कोडिनारची, ज्यांच्या आयांना मी कधी पाहिलेलं नाही. शेवटी मी मनात त्यांतलंच कुणीतरी धरलं आणि तशीच घरी आले. हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

यापुढे जे कळेल ते लगेच कळव. गोष्टीत घालू नकोस.

आई


धाकटी डहाणू
५ एप्रिल २०१९

भाविनी, बाय,

नारूचं नाव यादीत आहे!

मत्स्य खात्याच्या ऑफिसातून माणूस घरी सांगायला आला. मी त्याला यादी दाखवायला लावली, तोंडी कुणावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं आहे. इंग्रजीतलं नाव मी स्वतः वाचलं, शेजारी दर्यादौलत. दोनदा बोट फिरवलं. तो माणूस म्हणाला, "बाई, कागद फाटेल." जिग्नेशनं वखारीतले चिकू सगळ्या आळीला वाटले. मी तुझं ते जुनं पत्र काढून वाचलं आणि तुला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या, पण हसून.

यादीत चैत्याचं नाव नाही. तिकडून सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, चार खेपांत सोडणार आहेत. "पुढच्या खेपेत असेल," असं तो माणूस म्हणाला. पुढच्या खेपांची यादी मागितली तर ती त्याच्याकडे नव्हती. त्याचं तोंड मी नीट बघितलं. त्याला खरंच काही माहीत नसावं.

बोटीवरची बाकीची नावं मी शोधली. ऊनाची होती, कोडिनारचीही सगळी होती. मला जे कळलं ते मी स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितलेलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही.

आपल्याकडच्यांना वडोदऱ्याहून वेगळ्या गाडीनं आणणार आणि हायवेवर अच्छाडला नाक्यापाशी उतरवणार. रूपीही माझ्यासोबत येणार म्हणते. चैत्या या खेपेला नाही हे तिला कळलं आहे, पण नारूला बघून तरी घेते, चैत्याची खुशाली विचारते, म्हणाली. तिला येऊ नको असं कोणत्या तोंडानं सांगू?

तुमचं बातमीपत्र आलं आहे. कुठल्याशा शुक्रवारी तू नवी गोष्ट वाचलीस असं जिग्नेश म्हणाला. कशाबद्दल आहे ते मी विचारलं नाही.

आई


धाकटी डहाणू
१३ एप्रिल २०१९

भाविनी,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. जिग्नेश फोटो काढून तुझ्या मोबाईलवर पाठवेल. वाचू नकोस म्हणून त्याला बजावलं आहे, तरी तो वाचणार. फोन करत नाही, कारण बोलताना मला रडू येईल आणि मग सांगायचं ते राहून जाईल.

नारू आला. अंगात काही उरलेलं नाही, दाढी छातीपर्यंत, पण आला. अच्छाडला ट्रकांची ही गर्दी, त्यात ती बस कुठं थांबली ते आधी कळलंच नाही. पुढारी हार घेऊन पुढे, मोबाईल वर धरलेली माणसं पुढे, आम्ही दोघी मागे. मी हारवाल्यांना कोपरानं ढकललं आणि त्याचा हात धरला. तो "आये" एवढंच म्हणाला.

रूपी नव्या लुगड्यात होती. नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून आणली होती. तिनं विचारलं, "नारूदादा, आमचा माणूस कसा हाय?"

नारूनं तिच्याकडे बघितलं नाही. धाब्यापुढच्या ट्रककडे बघत म्हणाला, "बरा हाय वयनी. मागल्या गाडीला येतंय. पुढले खेपंला."

ती इतकी हसली, भाविनी! ते फडकं तिनं नारूच्या हातात दिलं. "त्याचेसाठी आणलेला, पण आता तूच खा. त्याला मी पुढले वेळंस ताजा आणीन." आणि ती समोर उभी राहिली, म्हणून नारूनं ती भाकरी तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. सगळी खाल्ली. मला तेव्हाच कळलं.

घरी येऊन आंघोळ झाल्यावर तो बोलला. चैत्या मागच्या मे महिन्यात गेला. ताप होता, उतरलाच नाही. नारू शेजारीच होता. सुटून चाललेल्या त्या ऊनाच्या माणसाला त्यानं चैत्याचं नाव सांगून पाठवलं होतं, पण तुझा फोन नाव येण्याआधी तुटला. पत्रात लिहायची त्याची हिंमत झाली नाही, कारण पाकीट आधी माझ्या हातात येणार आणि मी ते रूपीला वाचून दाखवणार. म्हणून त्यानं पत्र लिहिणंच सोडलं. मार्चनंतर त्याचं पत्र का आलं नाही, ते आता समजलं.

हद्दीचं मी त्याला विचारलं नाही. विचारणारही नाही.

तुझ्या गोष्टीचं मात्र त्याला सांगितलं. वाटलं, हसेल, नाहीतर चिडेल. जिता माणूस आपलंच मरण कसं ऐकेल? त्यानं सगळं नीट ऐकलं. मग म्हणाला, "भाविनीला सांग, बरोबर केला तिनं. चैत्याला मीच नेलता. त्याला पोहतासुदा येत नव्हता. ता मरण आपलेच घरातला हाय."

भाविनी, डिसेंबरात मी तुझ्यावर ओरडले होते की आपलं घर म्हणजे रिकामी खोली आहे का. आता ओरडणार नाही. तुला नाव माहीत नसताना तू जे केलंस ते मला नाव कळल्यावरही जमलं नसतं. मी देवळात जाऊन दुसऱ्या आयांची पोरं मनात धरली होती.

पुढची खेप येत्या आठवड्यात आहे. रूपी आदल्या दिवसापासून धाब्यापाशी जाऊन बसणार आहे, तसं सगळ्या पाड्याला सांगून झालं आहे. गाडीतून एकेक जण उतरत जाईल आणि ती वाट बघत राहील. तसं होऊ द्यायचं नाही. नारू म्हणतो मी सांगतो, पण काल तिच्या पाड्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आला. मी सांगू शकते. पण ती मला विचारेल, "हंसाबाय, तुला कवापासून म्हाईत होता?" आणि त्याचं उत्तर मला एकटीला देता येणार नाही. ते आपल्या दोघींचं आहे.

म्हणून तू ये. विमानानं ये, गाड्या बदलत ये, कशीही ये, पण त्या बसच्या आधी ये. आपण तिघं तिच्या दारात जाऊ. तुझ्या विभागप्रमुख बाईंनी रजेचं कारण विचारलं, तर घरात मयत आहे म्हणून सांग. खोटं ठरणार नाही.

आई